निळ्या निशाणाचं राज्य

येरमाळा,
२० मार्च २०२५

चि. विरेश यास अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून, शांतम्माकडून घेतला. तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं म्हणाली. बरं झालं. ऊन वाढलंय. तुझे काका पेपर घेऊन बसतात, पान उलटत नाहीत. माझी शाळा आता सकाळची झाली.

शाळेतून आले की मी स्वानंदच्या कॉम्प्युटरवर तुमचा तो लढाईचा खेळ खेळते. हसू नकोस. शेजारची कडूबाई धुणं वाळत घालताना खिडकीतून बघते. परवा म्हणाली, "बाई, लेकाचं खूळ आता तुमाला लागलं व्हय?" म्हटलं, लागलं. रडू येत नाही, भूक लागत नाही. पण समोरून घोडेस्वार आले की निदान सावध तरी व्हावं लागतं.

पहिल्या लढाईत काय केलं ऐक. प्रार्थनेला पोरं उंचीप्रमाणे उभी करायची माझी सवय. भालेवाले उंच दिसले म्हणून मागं, तिरंदाज बुटके दिसले म्हणून पुढं. शत्रूचे घोडे आले आणि माझी पुढची रांग साफ. स्वानंद असता तर हसून खुर्चीवरून पडला असता. आता येतं मला. भाले पुढं, तिरंदाज मागं, टेकडी आधी धरायची, पळणाऱ्याच्या मागं राजाला धाडायचं नाही.

एक नियम मात्र पटत नाही. सुरुवातीला दोन-तीनच राज्यं घेऊन खेळता येतं, बाकीच्यांना कुलूप. ज्या राज्याचा पार बीमोड करावा, त्याचंच कुलूप उघडतं. स्वानंदनं सगळी उघडली होती. एक राहिलं, निळ्या निशाणाचं. ते तुला हवं होतं ना? दवाखान्यात तू काकांना एवढंच म्हणालास, "आम्ही गाडीवर गेमचंच बोलत होतो, काका." दहाव्याला आला नाहीस, संक्रांतीला नाही, होळीलाही नाही.

हे लिहिणार नव्हते, पण लिहायलाच बसले तर लिहिते. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. मोटारसायकल तू चालवत होतास. स्वानंद गेला, तू राहिलास. मला तुझा राग आला होता, लई आला होता. आता तोही येत नाही. काहीच येत नाही, विरेश, आणि त्याची मला भीती वाटते.

सुतक फिटलं तरी घरात अजून कढई चढली नाही. आपल्याकडं जवळच्या माणसानं दारात येऊन तळण करायला लावावं लागतं, तुला माहीत आहे. माझा भाऊ उमाशंकर भूमहून दोनदा आला. "अक्का, बास झालं आता, चढव कढई." मी म्हटलं, "तू नको. ज्यानं म्हणायचं तो अजून यायचाय." संध्याकाळी बघते तर काका माळ्यावरची कढई काढून घासत बसलेले.

त्या निळ्या राज्याचा शेवटचा किल्ला मी वेढला होता. आत एकच सरदार उरलाय, पोरसवदा. बाहेर पडत नाही. मी नुसती थांबले असते तरी दाणागोटा संपून तो आतच मेला असता आणि कुलूप उघडलं असतं. काल बराच वेळ माउसवर हात ठेवून बसले. मग फौज माघारी बोलावली. राहू दे ते राज्य कुलपात.

पाडव्याला ये. तू म्हणालास तरच पुऱ्या होतील. तुला बघून मला रडू आलं तर येऊ दे, समजूत घालत बसू नकोस. आलं तर बरंच होईल.

गाडी आणू नकोस. एसटीनं ये. काका स्टँडवर उभे राहतील.

तुझी,
शामलाकाकू