पाच सेकंद उशिरा आलेली लाट

नाना, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडले, पण लिहायला कधी बसले नव्हते. परवा इथे जळगावला, घराजवळच्या कॉलेजात एका तरुण संशोधक बाईंचं व्याख्यान होतं. भूकंपाच्या लाटांवरून पृथ्वीच्या पोटातलं चित्र कसं काढतात, हा विषय. पडद्यावर पृथ्वी कापलेल्या टरबुजासारखी उघडली. आत लाल आणि निळे डाग. लाट जिथून रेंगाळत गेली तिथे लाल, जिथून झपाट्याने गेली तिथे निळा. त्या म्हणाल्या की यात जुन्या भूकंपमापन केंद्रांच्या हाताने लिहिलेल्या नोंदीही वापरल्या आहेत. मी मागच्या रांगेत बसून त्या लाल डागांमध्ये आपल्या घरचा डाग शोधत होते. एका केंद्राची चूक हजारो नोंदींत विरून जाते, हे मला कळतं. तरी शोधत होते.

धुळ्याबाहेरच्या माळावरचं तुमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि शेजारी आपलं क्वार्टर. सकाळी तुम्ही गुळगुळीत कागद रॉकेलच्या धुरावर धरून काळा करता, यंत्राच्या पिंपाला गुंडाळता, आणि सुई दिवसभर त्या काजळीवर बारीक पांढरी रेघ ओढत राहते. आदल्या दिवसाचा कागद लाखेच्या पाण्यात बुडवून दोरीवर. आई म्हणायची, "लोकांच्या दोरीवर लुगडी वाळतात, आमच्या दोरीवर काजळी." तुमचं इंग्रजी कच्चं, म्हणून खात्याकडून आलेलं जाडजूड पुस्तक मी, कॉन्व्हेंटातली नववीची मुलगी, तुम्हाला वाचून सांगायचे. पहिली लाट ढकलत येते, दुसरी हेलकावत. दुसरीला द्रवातून जाता येत नाही, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला ती पोचतच नाही. म्हणजे आतला गाभा वितळलेला आहे. कोणीही खाली न उतरता माणसाला हे कळलं, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तुम्ही चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाला होतात, "परत वाच." त्या आठवड्यात तुम्ही धुळ्याच्या बाजारातून, आग्रा रोडवरून माझ्यासाठी भिंग आणलंत. मी कॉलेजात जाऊ लागले तोवर, रेघेवरून लाटांच्या वेळा टिपायची सगळी वाचनं माझी आणि खाली सही तुमची, अशी रीतच पडली. आल्यागेल्याला तुम्ही कौतुकाने सांगायचात, "मन्ही पोर धरतीनं पोट वाचस."

पुण्याहून तपासणीला येणाऱ्या सरांनाही तुम्ही ते सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडून दोन कागद वाचून घेतले आणि म्हणाले, "बी.एस्सी. झाली की हिला माझ्याकडे पाठवा. पुढचं मी बघतो." मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. ते वर्षभर मी त्या एका वाक्यावर जगत होते.

मग अमळनेरला आत्याच्या मुलीचा साखरपुडा निघाला. तुम्ही दोन दिवस गेलात, आणि क्रिकेटची कॉमेंट्री चुकू नये म्हणून ट्रान्झिस्टर बरोबर घेऊन गेलात. यंत्राचं घड्याळ किती पुढे-मागे पळतंय, ते रोज त्याच ट्रान्झिस्टरवरच्या वेळेच्या ठोक्यांवरून ताडून पाहायचं असतं. कागद मी बदलला, पण घड्याळ कशाशी ताडू? नेमका त्याच दुपारी दक्षिण अमेरिकेत मोठा भूकंप झाला. त्याची पहिली लाट थेट गाभ्यातून, पृथ्वी ओलांडून आपल्या माळावर आली. इतकी स्वच्छ रेघ मी कधी पाहिली नव्हती. तुम्ही परत आलात तेव्हा मी म्हटलं, "नाना, घड्याळाचा रकाना कोरा ठेवू. तपासलं नाही, असं लिहू." तुम्ही तीन दिवसांपूर्वीचा जुना आकडा उतरवलात. "कोरा ठेवला तर का कोरा म्हणून विचारतील. चार-पाच सेकंदमा काय बुडस? धरती काय पळी जाई का?" मी पुन्हा म्हटल्यावर आवाज चढला. "दोन बुकं शिकली म्हणून बापाला शिकवशील?"

पावसाळ्यानंतर सर आले. टेबलावर सगळ्या केंद्रांचे आकडे मांडून म्हणाले, "सगळी केंद्रं जुळतात, धुळं तेवढं पाच सेकंद उशिरा. एक तर तुमच्या वाटेवर खाली काहीतरी भलतंच तापलेलं आहे, नाहीतर कोणीतरी घड्याळ पाहिलेलं नाही." ते हसतच बोलले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरीनं वाचलंय, साहेब. कॉन्व्हेंटची हुशारी. मी म्हणत होतो, घाई करू नको." सरांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे ठेवला, बशीत सांडलेला चहा पुसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जिलबी आणलीत. मी पुडीला हात लावला नाही तेव्हा खाली बघत पुटपुटलात, "मन्ही नोकरी जाती ना, बेटा. तुन्हं काय जातं?"

माझं काय गेलं, ते तुम्हाला दिसलं नाही असं नाही. मी बी.एड. केलं, लग्न होऊन जळगावला आले आणि तीस वर्षं आठवीच्या वर्गाला पृथ्वीचं अंतरंग शिकवलं. फळ्यावर खडूने तीन वर्तुळं काढायची, नावं द्यायची, पुढचा धडा. तुमच्या शोकसभेत आलेला प्रत्येक जण सांगत होता की असा काटेकोर माणूस होणे नाही. मीही मान डोलावली. लोकांना वाटलं, मुलगी दुःखाने बोलत नाहीये.

तुमच्यावरचा राग मी जपून ठेवला आहे आणि तो खराही आहे. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. त्या दिवशी सर निघाले तेव्हा मी फाटक उघडायला गेले होते. जीपमध्ये बसताना ते हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्याची वाचनं तुझ्या हाताने, तुझ्या नावाने मला थेट पाठव. चूक कोणाची ते मला कळेल." मी ती पाठवली नाहीत. आईला, पुढे नवऱ्याला, मी सांगत आले की नानांची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसले. खरं सांगायचं तर मी महिनाभराची वाचनं केली होती. पाकीट चिकटवलं होतं, वर पत्ता घातला होता. खाली पहिल्यांदाच माझी एकटीची सही होती, आणि एखादा आकडा खरोखर चुकला असेल, या भीतीने मी ते चुलीत घातलं.