तीन रेघांची बाटली

मी, नवनीत छगन पाटील, वय सत्तेचाळीस, धंदा पिण्याच्या पाण्याचे जार विकणे, राहणार म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या उजव्या हाताने लिहीत आहे. डावा हात मशीनला लावलेला आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नंदुरबारला चार तास माझे रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालतात, कारण माझी दोन्ही मूत्रपिंडे सहा वर्षांपूर्वीच काम सोडून बसली. डोके मात्र जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. राग आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र तेवढ्यानेच रद्द होत नाही, हे मी शहाद्याच्या वकिलांना विचारून घेतले आहे.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्या नावाने दुसरा एखादा कोणी पुढे आणला, तर तो खोटा समजावा, आणि आणणारे माझे थोरले भाऊ सुकलाल छगन पाटील असतील तर कोणी आश्चर्य मानू नये.

कलम १. बाजाराच्या रस्त्याला लागून असलेली माझ्या वाटणीची जागा, तिच्यावरची पत्र्याची शेड, बोअर, मोटर, पाणी शुद्ध करण्याचा प्लांट, पाणी गार करण्याचे मशीन, सर्व जार आणि छोटा हत्ती गाडी मी माझी पत्नी रोहिणी हिला देतो. एकटीला देतो. भावाभावांची वाटणी २०१४ सालीच झाली असून उतारा माझ्या एकट्याच्या नावाचा आहे. बोअर सामाईक आहे असे सुकलालभाऊ अलीकडे सांगत फिरतात. बोअर मी २०२१ साली पाडला आणि त्या दिवशी ते बघायलासुद्धा आले नव्हते.

हे कलम मोठे करावे लागत आहे, कारण गेल्या महिन्यात ते माझ्या घरी येऊन आईसमोर म्हणाले, "तुन्हा मांगे प्लांट आपला भाग्येश चालाडी. रोहिणीले काय जमी?" भाग्येश म्हणजे त्यांचा मुलगा. मी समोर खाटेवर जिवंत बसलेलो होतो. माझी आई धनुबाई पदराने तोंड पुसत राहिली.

तर रोहिणीला काय जमते ते इथे लिहून ठेवतो. मी आजारी पडलो तेव्हा शहाद्याला खते-बियाण्यांच्या दुकानात कामाला होतो. आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहणारा माणूस मालकाने ठेवला नाही, आणि त्याचा मला राग नाही. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितले होते, चहा आणि डाळीचे पाणी धरून. एप्रिल-मेमध्ये म्हसावदला राहून पाऊण लिटर. दिवसभर डोक्यात दुसरा विचारच येईना. त्यातूनच धंदा सुचला. ज्याला पाणी पिता येत नाही तो निदान विकू तरी शकतो, असे मी हसत म्हणालो आणि रोहिणीने ते खरे धरले. फिल्टर धुणे ती शिकली. मोटर जळली तर कोणती वायर बघायची ते शिकली. गाडी चालवायला शिकली, तेव्हा भावकीतल्या बायकांनी नाके मुरडली. आज वीस लिटरचा भरलेला जार ती खांद्यावर घेते आणि मी उचलू शकत नाही. भाग्येशला गाडीचे टायर बदलता येत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि विम्याचे जे काही येईल ते माझी मुलगी काजल हिला द्यावे. पैसे तिच्या लग्नासाठी आहेत असे कोणीही म्हणू नये. तिने शिकावे, खावे, फिरावे किंवा तोरणमाळला जाऊन नुसते तळ्याकाठी बसावे. पाण्यातले क्षार मोजायचे मीटरही तिचेच. रसायनशास्त्र शिकलेली ती एकटीच आहे आणि रोज सकाळी पहिल्या जारचे पाणी तीच तपासते.

काजलपुढे एक कबुली द्यायची आहे. आजार मी गावापासून चार वर्षे लपवला. घरात रोहिणी, काजल आणि आई, आणि घराबाहेर फक्त सुकलालभाऊ, एवढ्यांनाच माहीत होता. मशीनच्या सुयांनी फुगलेली हाताची शीर दिसू नये म्हणून मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत असे आणि लोक मला साहेब म्हणून चिडवत. नंदुरबारला मालासाठी जातो असे सांगत असे. काजलला स्थळे येतील, रोगी बापाचे नाव कानावर गेले तर परत जातील, आणि रोगी माणसाच्या हातचे पाणी कोण घेईल, असे माझे म्हणणे होते. ते चूक होते. काजलने एकदाही मला असे करायला सांगितले नव्हते. मी तिच्या नावावर माझी भीती खपवली.

कलम ३. पितळेचा मोठा तांब्या, ज्यावर माझ्या आजोबा-आजींचे नाव कोरलेले आहे, तो सुकलालभाऊंना द्यावा. रिकामा द्यावा. तो त्यांनाच का, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

तहान फार झाली की मी तोंडात पाणी घ्यायचो, खळखळून फिरवायचो आणि थुंकून टाकायचो. तेवढाच ओलावा. हे मला दावीदभाऊंनी शिकवले, जे या वॉर्डात शेजारच्या खाटेवर असतात. मी प्लांटच्या मागे जाऊन करायचो, पण गावात मागची बाजू अशी नसतेच. कोणीतरी पाहिले. नवनीत स्वतःच्या प्लांटचे पाणी तोंडात घेतो आणि थुंकतो, गिळत नाही, अशी बातमी आठवड्यात बाजारभर झाली. पाण्यात औषध टाकतो, ते त्याला माहीत आहे, म्हणून थुंकतो. एकाने विचारले नाही की बाबा, का थुंकतोस. विचारले असते तर मी खोटेच सांगितले असते, तेही खरे.

२०२३ च्या मे महिन्यात भाग्येशचे लग्न होते. सोमवार होता. शुक्रवारी मशीन, नंतर थेट मंगळवारी, त्यामुळे सोमवारी माझ्या अंगात तीन दिवसांचे पाणी साठलेले असते. पाणी माझ्याच प्लांटचे होते, पुतण्याच्या लग्नात भेट म्हणून दिलेले. पंगत बसली आणि मुलीकडच्या एका पाहुण्याने ग्लास बाजूला सारला. "मालक सोता पेत नही, मंग आम्हले काब्र पाजस?" असे तो मोठ्याने म्हणाला. मांडवातल्या चारशे माणसांच्या माना वळल्या.

सुकलालभाऊंना माहीत होते. त्यांच्या तोंडून दोन शब्द पुरे होते, की माझा भाऊ आजारी आहे, त्याला पाणी चालत नाही. पण मुलाच्या लग्नात घरात आजार आहे हे सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी आमच्याच घरचा तो तांब्या जारला लावून काठोकाठ भरला, माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "पी ना रे, लोके देखी ऱ्हायनात. एक तांब्या पिसन काय मरी जाशी का?"

मी पिलो. एक पिलो, आणि त्यांनी दुसरा भरून दिला तोही पिलो. खरे सांगायचे तर पहिला अर्धा तांब्या फार गोड लागला. चार वर्षांत मी पोटभर पाणी पिलो नव्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंगत पुढे सुरू झाली.

संध्याकाळपर्यंत छातीत पाणी भरले. आडवे पडता येईना. रोहिणीने मला छोट्या हत्तीत रिकाम्या जारांच्या मधे बसवले आणि स्वतः गाडी चालवत नंदुरबारला आणले. वाटेत प्रकाशा गावाच्या पुलाजवळ तिने एकदाच विचारले, "काब्र पिनात तुम्ही?" मी म्हणालो, लोक बघत होते. त्या लोकांमध्ये मीही उभी होते, असे ती म्हणाली आणि तिने गाडीचा वेग वाढवला. मी जगलो, पण हृदय तेव्हापासून अर्धेच चालते.

आणि गाव काय म्हणाले? नवनीतने एकदाच स्वतःचे पाणी पिले आणि त्याच दिवशी दवाखान्यात गेला, बघा. सुकलालभाऊ तेव्हाही गप्प बसले. शेवटी मी आजाराची फाइल प्लांटच्या दारावर टांगली आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. मग पाण्यात दोष नाही हे लोकांना पटले आणि ते नव्याने म्हणू लागले की रोग्याच्या हातचे पाणी नको. पुढचा उन्हाळा आला, नळ आठ दिवस आला नाही, आणि सगळ्यांचे तत्त्व एका दुपारी संपले.

सुकलालभाऊंनी आजवर माफी मागितलेली नाही. आई म्हणते, "तुन्हा भाऊ शे तो." म्हणूनच तर राग आहे. परक्याने पाजले असते तर मी पिलो नसतो.

कलम ४. वरील सर्व असूनही रोहिणीने गावात कोणाचाही जार बंद करू नये. सुकलालभाऊंच्या घरचाही नाही. तहानलेल्याला पाणी न देणारे घर म्हणून आमचे नाव व्हायला नको. त्यांच्याकडे जार उशिरा पोहोचला तर मात्र माझी हरकत नाही.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रोहिणीने करावी. आईने हयात असेपर्यंत आमच्याच घरात राहावे आणि तिला कोणी बोलू नये, मी बोललो तेवढे पुरे.

कलम ६. माझ्या प्रेताबद्दल. आमच्याकडे तिरडी उचलण्याआधी सगेसोयरे एकेक करून मयताच्या तोंडात पाणी घालतात. ही रांग लावू नये. ज्या पाण्यासाठी सहा वर्षे बाटलीकडे बघत काढली ते मेल्यावर चमच्या-चमच्याने सगळ्या गावाकडून नको. सुकलालभाऊंनी तर पुढे येऊच नये. त्यांच्या वाटणीचे पाणी त्यांनी मला पाजून झालेले आहे आणि त्याला चारशे साक्षीदार आहेत. त्यांना रडायचे असेल तर रडावे.

पाणी एकट्या रोहिणीने घालावे. माझ्या पाऊण लिटरच्या बाटलीवर तिने नेलपॉलिशने तीन रेघा मारल्या आहेत, सकाळ, दुपार, रात्र. सहा वर्षे मी एक घोट जास्त मागितला की ती रेघ दाखवते आणि दुसरीकडे बघते. मी तिला त्यासाठी फार वाईट बोललो आहे. वैरीण म्हणालो, एकदा बाटली फेकून मारली. ती मला जगवत होती आणि माझा सगळा राग, जो भावावर निघायला हवा होता, तो तिने झेलला. त्या दिवशी ती बाटली तिने फेकून द्यावी. आपल्या प्लांटचा गार जार उघडावा, मोठे भांडे भरावे आणि पाजावे. सांडले तर सांडू द्यावे. त्या दिवशी तिने मोजू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली नावे असलेल्या दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून दिले आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी सांगितल्यामुळे त्यांना काही दिलेले नाही. त्यांनी रागावू नये.

सही: नवनीत छगन पाटील

साक्षीदार १: दावीद इमॅन्युएल वसावे, राहणार तालुका नवापूर, शेजारच्या खाटेवर. सही उजव्या हाताची, डावा हात मशीनला.

साक्षीदार २: चारुलता सोनवणे, परिचारिका, डायलिसिस वॉर्ड.

स्थळ: नंदुरबार. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. वेळ: दुपारी साडेबारा. बाटलीत दोन रेघा पाणी शिल्लक.