ओट्यावरची ओपीडी

२७ एप्रिल २०२०, सोमवार

मानसोपचाराची ओपीडी आजपासून बंद! डॉ. मेलनींनी स्वतः फोन करून सांगितलं, म्हणजे अफवा नाही. मजला कोविड वॉर्डाला गेला. त्यांनाही पीपीई किट चढवून तिथेच उभं केलंय.

"आणि पेशंट?"

"फोनवर," म्हणाल्या.

बातमी साडेपाचला पाठवली. सात ओळी लागतील, आत कुठेतरी. आरोग्याच्या बातम्या देण्यात बावीस वर्षं गेली, कशाला किती जागा मिळते ते कळतं. पण ही बातमी माझ्याच घरात बसून पत्ते लावतेय — माझा भाऊ श्याम. अकरा वर्षांपूर्वी भिंतीतून माणसं त्याच्याशी बोलायची. एका गोळीने ती गप्प केली. गोळी ओपीडीतच मिळते, दर महिन्याला रक्त तपासून. घरात आहेत त्या मे महिना काढतील. पुढे?

श्याम पुन्हा त्या भिंतीशी बोलत बसणार नाही. मी असताना नाही.

३० एप्रिल

फोनवरची ओपीडी झाली. "झोप?" "लागते." "आवाज?" "नाही." संपलं! मी समोर बसलेली असताना तो आणखी काय सांगणार?

मेलनींना तसं म्हटलं तर उसळल्या — "पद्मजा, माझे सगळे पेशंट अचानक ठणठणीत झालेत गं! सगळ्यांचं 'बरं आहे, बरं आहे.' मागे सासू बसलेली असते!"

२ मे

केमिस्ट म्हणाला, मोबाईलवरची चिठ्ठी नाय चालणार मॅडम. दुसरा ही गोळी ठेवतच नाही. तिसऱ्याचं शटर खाली.

५ मे

गोळ्यांचं पाकीट उचललं तर हलकं लागलं. श्यामला विचारलं.

"व्हर्ननला दिल्या. त्याच्या संपल्या होत्या."

व्हर्नन म्हणजे शेजारच्या क्लेमेंट अंकलचा मुलगा. दोघांची दोस्ती ओपीडीच्या बाकावरची, दोघांची गोळी एकच.

"अरे, औषध आहे ते! वाटतात का?"

"तू परवा समोरच्या सेराफिना आंटीला साखर दिलीस ना? दिलीस की नाही?"

ओरडले. मग पाकीट उचलून ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. मेलनी माझ्याहून जास्त ओरडल्या, आणि एकदम थांबल्या. "बाकीचेही हेच करत असणार गं. अख्खा बाक."

म्हणजे मे महिना नाही. आठवडाभर, तोही जेमतेम.

८ मे

आमच्या गावठाणात मे महिन्यात क्रूसापुढे लदीन असते. प्रार्थना, गाणी, शेवटी उकडलेले चणे. त्याआधी प्रत्येक घर आपला ओटा घासून धुऊन ठेवतं, बाहेरून आलेल्या माणसाला टेकता यावं म्हणून. यंदा बंदी. तरी सेराफिना आंटी सकाळी खराटा घेऊन उकिडव्या!

"आंटी, लदीन नाही ना?"

"नाय तर नाय. म्हणून ओटा कळकट ठेवू काय गो?"

गल्लीत नजर टाकली. त्यांचं बघून सगळ्यांनीच धुतले होते. ओळीने ओटे, स्वच्छ, रिकामे, एकमेकांपासून चांगले लांब.

घरात येऊन मेलनींना फोन लावला. "बुधवारी तुमची सुट्टी. इथे या. एका ओट्यावर एक पेशंट, तुम्ही फिरायचं. कुणाची सासू नाही."

त्यांनी आधी ओटे किती ते विचारून घेतलं. मग — "रक्त मी घेईन. पण गोळ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये, कुलपात. लेखी मागाव्या लागतील."

"मागा. मजकूर मी लिहून देते. अर्ध्या तासात."

वीस मिनिटांत दिला.

११ मे

गोळ्या मंजूर! पण समोरच्या इमारतीचा सेक्रेटरी राजेश दारात.

"ताई, कोविडवाले एक वेळ चालतील. हे लोक नकोत."

"हे म्हणजे कोण रे? गणपतीत तुझ्याकडची लाईट गेली तेव्हा फ्यूज बदलायला आला तो श्याम?"

"तसं नाही ओ..."

"तसंच आहे. त्रास होत असेल तर खिडकी लावून घे."

त्याने पोलिसांत सांगितलं. हवालदार आला. पाचच्या वर माणसं जमली तर उचलेन म्हणाला.

"जमणारच नाहीत. प्रत्येक जण वेगवेगळ्या घरी. औषधाला आलेला माणूस ओट्यावर बसला तर गुन्हा आहे का, साहेब?"

त्याने ओटे पाहिले, मला पाहिलं. "मास्क लावा," म्हणाला नि गेला.

श्याम अर्ध्या गोळीवर आहे. आज जेवताना दोनदा घास हातात धरून थांबला, भिंतीकडे मान वळवून. मी त्याला भात वाढला. परवापर्यंत टिक रे बाबा. फक्त परवापर्यंत!

१३ मे, बुधवार

झाली! ओपीडी झाली!

मेलनी किट घालूनच गाडीतून उतरल्या. "ही बाय शिजंल त्याच्यात!" — सेराफिना आंटी. क्लेमेंट अंकल फुटबॉलच्या पंचाची शिट्टी गळ्यात घालून. कुणी दुसऱ्याच्या ओट्याकडे सरकला की फुर्र! घाटकोपरहून एक बाई चालत आली होती. आंटीच्या ओट्यावर पोटभर रडली. जाताना म्हणाली, महिन्याभरात पहिल्यांदा घरचं कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून बोलता आलं.

आमच्या ओट्यावर श्याम. मी शेजारी बसायला गेले तर म्हणाला, "ताई, तू आत जा."

आत गेले. दार लावून घेतलं. तो बराच वेळ बोलत होता. काय ते मला माहीत नाही. अकरा वर्षांत मला माहीत नाही असं काही त्याने पहिल्यांदाच डॉक्टरांना सांगितलं असेल.

महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. व्हर्ननलाही, त्याच्या त्याच्या. पुढच्या बुधवारीही येते, म्हणाल्या मेलनी.

१५ मे

संपादक म्हणाले, यावर चारशे शब्द दे, फोटोसकट. नाही म्हटलं. छापलं की बंद पाडतील. बातमी हातात असून दिली नाही — ही पहिलीच!

१७ मे

श्याम गाढ झोपतो, घोरत. मान कुठे वळत नाही. आज आमटीला चवच नव्हती, मीठ विसरले बहुतेक. तो म्हणाला, बरोबर आहे की.

१९ मे, मंगळवार

ताईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. डॉ. मेलनी यांनी सांगितलं. काल संध्याकाळी तिला अॅम्ब्युलन्सने नेलं. मी श्यामसुंदर लिहितो आहे. ती फोनवर म्हणाली, वही कोरी ठेवू नकोस आणि मागचं वाचू नकोस. थोडं वाचलं.

मला चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. क्लेमेंट अंकल डबा दाराच्या कडीला अडकवतात. गोळी घेतली, पूर्ण.

उद्या बुधवार. डॉक्टर येणार आहेत. मला ओट्यावर बसता येणार नाही. त्या गल्लीत उभ्या राहून विचारतील, मी खिडकीतून उत्तरं देईन. सगळ्यांना ऐकू जाईल.

जाऊ दे.