वरच्या रेघेला टेकलेलं अक्षर

ताडकळस, ९ जानेवारी १९७८
मिलिंदला पुन्हा रागावले. पूर्णा यार्डात मालगाडीच्या डब्यांचे नंबर उतरवणारा माझा भाऊ, आणि अक्षर मुंगीएवढं. मी शाळेतली बाई, घरीही बाईच. दुरेघी वही पुढे टाकली. दहा ओळी, वरच्या रेघेला टेकवून. दीड तास लागला. चौथ्या ओळीपासून वाचताच येईना.
"मी मोठंच लिहायलोय, अक्का. कागदावर बारीक व्हायलंय."
मला वाटलं, बहाणा.

११ जाने.
यार्डातून पत्र. ६ मार्चला साहेबांसमोर नंबर उतरवून दाखवायचे. जमलं तर कामावर, नाही तर कायमचं घरी.
गेल्या जुलैत डोकं बिघडलं, दवाखान्यातून सुटल्यापासून तो घरीच आहे. गोळ्यांनी त्याच्या कानातले आवाज थांबले, झोप लागते. पण सदऱ्याच्या गुंड्या माय लावते.

१५ जाने., रविवार
विहारातून आल्यावर त्याची जुनी कार्डं काढली. पूर्ण्याहून दर आठवड्याला एक टाकायचा, मी एकही फेकलेलं नाही. शिक्क्याच्या तारखेप्रमाणे चटईवर मांडली. मेपर्यंत ठसठशीत. जुलैत फुगलेलं, कार्डभर पाचच ओळी. आवाज ऐकू यायला लागले ते तेव्हाच. ऑगस्टात दवाखान्यातून आलेलं पहिलं कार्ड ठीक. दुसऱ्यात लिहिलंय, गोळ्या वाढवल्या. तिथपासून प्रत्येक ओळ डावीकडे बरी, उजवीकडे जाता जाता बारीक.
म्हणजे आळस नव्हे. आणि मी दहा ओळींची शिक्षा दिली. फार लाज वाटली. त्याला तसं सांगितलं.
"तू बाई हायस, करणारच," म्हणाला.

१८ जाने.
रजा टाकून त्याला परभणीला नेलं. डॉक्टरांनी कार्डं बाजूला सारली. मी परत पुढे सरकवली. बारा वर्षं वह्या तपासतेय, म्हटलं, एवढं बघाच. मग चष्मा लावून एकेक बघितलं. मिलिंदला चालायला लावलं. चालताना उजवा हात हलतच नाही. कोपर धरून वाकवलं, तर अडकत अडकत वाकतंय.
"हे औषधानं झालंय, बाई. त्याची चाल बघून मलाच कळायला पाहिजे होतं."
गोळी कमी केली, जोडीला हात सैल व्हायला एक पांढरी, लहान. रोज तारीख घालून एक ओळ लिहून घ्यायची. आवाज परत आले तर तसंच निघून यायचं.
मायला हे पटलं नाही. "निजायलंय लेकरू. गोळी कमी करून पुन्हा बसलं उठून, म्हंजे?"
मी नव्या वहीवर तारीख घातली.

२ फेब्रु.
ओळीचा शेवटचा शब्द वाचता आला. वर्गात विनाकारण हसू फुटत होतं, पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

१० फेब्रु.
दोन रात्री झोप नाही त्याला. माय माझ्याशी बोलत नाही. आवाज? "न्हाई अक्का, नुसती झोप न्हाई." विश्वास ठेवला. वहीतली ओळ सरळ आहे.

१९ फेब्रु.
टेकलं. वरच्या रेघेला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. झोपही परतली. सकाळी गुंड्या स्वतःच लावल्या, एक चुकून खालच्या काजात. मायनं ती सरळ केली नाही, तशीच बघत राहिली.

६ मार्च
पूर्णा. साहेब, हेडक्लार्क, आणि लांब बाकावर मी. मालगाडी हळूहळू पुढून गेली. मिलिंद उभ्यानं लिहीत होता, मान वर, मान खाली. त्रेचाळीस डबे. हेडक्लार्कनं स्वतःच्या यादीशी ताडून बघितले. एक नंबर जुळेना. हेडक्लार्क आणि मिलिंद पुढे थांबलेल्या गाडीतल्या त्या डब्यापाशी जाऊन आले.
"साहेब, यानं बरोबर लिवलंय. माझाच चुकला."
उद्यापासून कामावर. मी स्टेशनात सगळ्यांदेखत रडले आणि वर पेढे घेतले. जिंकलो आम्ही. उद्या वर्गात पहिल्या तासाला सांगणार.

१८ मार्च
पूर्ण्याहून पहिलं कार्ड. हातात पडताच पट्टी लावली. मेच्या कार्डांपेक्षा मोठं. जुलैएवढं नाही. पुन्हा मोजलं.
"काय लिवलंय गं?" मायनं विचारलं. मी अजून वाचलंच नव्हतं.
'अक्का, पट्टी काढली असशील. ठेव ती. लय दिसानं हात मोकळा झालाय, म्हणून जरा ऐसपैस लिहायलोय.'
ठेवली पट्टी. मायला दोनदा वाचून दाखवलं. कार्ड मात्र मेच्या गठ्ठ्यात घातलेलं नाही, जुलैच्याही नाही. वेगळं ठेवलंय.