टाळ्या फार होतात

रविवार, १० मार्च

ती. दादास,

सा. नमस्कार. चार महिने पत्र नाही, माफ कर. (वेळ नव्हता, असं लिहून खोडलं. वेळ होता.) पाठ कशी आहे? वहिनी अजून तुला जिना चढू देत नाही का?

माझं बरं चाललंय. आठवडाभर ऑफिसात भाषांतरं तपासते, शनिवारी संध्याकाळी कॅबरेत गाते. आमच्या मंडळीत प्रत्येकाचं काही ना काही कमी आहे (हा शब्द आम्ही आपापसातच वापरतो). पियानोवाल्याला दिसत नाही. निवेदिका चाकांच्या खुर्चीतून येते आणि प्रेक्षकांना बजावते, उठू नका, मीही उठणार नाही. मी चावट गाणं म्हणत एकेक वस्तू काढत जाते: एक हातमोजा, दुसरा हातमोजा आणि शेवटी डावा, नकली पाय. आयुष्यभर लोक त्याच्याकडे चोरून बघत आले. इथे मी दाखवीन तेव्हाच बघतात, तेही तिकीट काढून. हे सुख मला दुसऱ्या कशानंही दिलं नाही (हे वाक्य वहिनीला वाचून दाखवू नकोस).

तर काल पायाचा पट्टा अडकला. गाणं संपलं, पाय सुटेना. पियानोवाला बिचारा शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय, मी एका पायावर उड्या मारतेय. शेवटी असा हिसडा दिला की पाय उडाला तो थेट पियानोवर. धाडकन! पियानोवाला शांतपणे म्हणाला, "बाई, टाकायचाच होता तर सुरात तरी टाकायचा." मी हसून हसून पियानोला लटकले. आणि प्रेक्षक? उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या; नंतर माझा हात धरून म्हणाल्या, "किती धीराच्या हो तुम्ही!" माणसं चांगली आहेत, तक्रार केली तर मीच कृतघ्न ठरेन. पण खोलीवर येऊन पाय कोपऱ्यात उभा केला आणि त्याच्याशीच बोलत बसले. एवढी माणसं, आणि एकालाही हसू येऊ नये?

तुझी धाकटी

ता. क. तुझ्या मागच्या पत्रात 'धैर्य' हा शब्द दोनदा होता. म्हणून उत्तर दिलं नाही. लहानपणी माझा पाय सुटून जिन्यावरून गडगडत गेला, तेव्हा आईनं किंकाळी फोडली आणि तू पोट धरून हसलास. "ए खटारे, चाक निखळलं!" मग खाली जाऊन तो घेऊनही आलास.

आणखी एक ता. क. शनिवारी ये. टाळ्या वाजवू नकोस.

शनिवारचं माझं काम: पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर 'दादासाठी राखीव' अशी चिठ्ठी चिकटवणे.