रेश्माचं फोल्डर

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

आज अकोल्यात गावंडेले मारलं. नाक फुटलं त्याचं, रक्त कीबोर्डवर सांडलं. अजून हात शिवशिवून राहिला.

त्या बियाणे कंपनीच्या ऑफिसातल्या सगळ्या फायली काल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेल्या. कोणाचं फोल्डर कोणाले उघडावं, हे नव्यानं ठरवायचं होतं. "माझं उघडत नाही" असे फोन नकोत म्हणून मी सगळंच सगळ्यांना खुलं ठेवलं. आमी कॉम्प्युटरवाले नेहमी असंच करतो, कुलपं मागाहून लावतो.

जेवणाच्या सुट्टीत तिथला हिशेबनीस हा गावंडे, त्याच ऑफिसातल्या रेश्माच्या फोल्डरमधला तिचा लग्नाचा बायोडाटा मोठ्यानं वाचत होता. "रंग सावळा, अन् अपेक्षा पाहा बाईची! सरकारी नोकरीवाला!" सगळे हसले. जिच्यासाठी मी अकोल्याचं काम मागून घेतो, ती हातातला घास तसाच धरून बसली होती. मी त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. दोनदा.

सरकारी नोकरीवाला. मी तर बी.एस्सी. अर्धी सोडलेला. तिच्यासाठी मारलं का त्या शब्दासाठी?

वॉचमननं मले बाहेर ढकललं. रेश्मा मागोमाग फाटकापर्यंत आली. वाटलं, काही गोड बोलेल.

"फोल्डर कोणी उघडं ठेवलं रे?"

"मी."

"मग त्याले काहून मारलं? बंद तरी करून आला का?"

नाही. अजूनही ते कोणालेही उघडतं, अन् बंद करायचा पासवर्ड फक्त माझ्याजवळ. इथून होत नाही, तिथल्या सर्व्हरवर बसूनच करावं लागते. सकाळी पहिल्या गाडीनं जातो. आत जाण्यासाठी गावंडेचे पाय धरावे लागले, तर धरीन.