फोटो क्रमांक २२०८

दिग्रस,
३ जून २०२५

प्रिय कौसल्याआत्यास,
निशिगंधाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझा गुडघा कसा आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे.

अमरदादाच्या लग्नाचे फोटो आले. चार हजार तीनशे सोळा. फोटोवाले घनश्यामभाऊ म्हणतात, अल्बममध्ये दीडशेच बसतील, निवडून नंबर पाठवा. घरात ग्रॅज्युएट मी एकटी, म्हणून काम माझ्याकडे आलं. पण लॅपटॉपपुढे सगळेच बसतात. दादाला त्याचं घड्याळ दिसेल तो प्रत्येक फोटो हवा आहे. सुनीतीवहिनी सगळ्यांसमोर "चालेल" म्हणते आणि नंतर मला एकटीला गाठून तोच फोटो वगळायला लावते. आई बाबांना म्हणाली, "तुमचे डोये लग्नभर मिटूनच व्हते का?"

"तुह्या माहेरच्यायले पाहून मिटले," बाबा म्हणाले.

हसून हसून पोट दुखलं.

निवडताना तू सापडत गेलीस. त्र्याहत्तर फोटोंत आहेस, एकातही मधोमध नाहीस. दातांत सेफ्टी पिन धरून वहिनीचा शालू टाचते आहेस. पुऱ्यांचं टोपलं नेते आहेस. कुणाचं तरी बाळ खांद्यावर टाकून वरातीत नाचते आहेस, आणि बाळ गाढ झोपलेलं आहे. तो फोटो सोबत पाठवते आहे.

घरच्यांच्या एकत्र फोटोत तू यायची राहून गेलीस आणि न जेवता निघून गेलीस. सगळ्यांनी घनश्यामभाऊंना दोष दिला, की यानं थांबायला हवं होतं. मीही मान हलवली.

आत्या, नावांची यादी माझ्या हातात होती. तू स्वयंपाकाकडे होतीस, कोपरापर्यंत हळद, साडीवर तेलाचे डाग. हा फोटो बैठकीत लागणार, तू साडी बदलून आलीस की पुन्हा काढू, असं मला वाटलं. मी घनश्यामभाऊंना "घ्या" म्हणाले. मग स्टेजवर दुसरे लोक चढले आणि मी विसरले. कॉलेजात समानतेवर भाषण करून ढाल आणणारी मी.

क्रमांक २२०८ मध्ये कडेला तू पदराला हात पुसत घाईनं येते आहेस. २२०९ मध्ये थांबली आहेस. २२१० मध्ये नाहीस.

काल सगळ्यांना खरं सांगितलं. आई खूप रागावली. बाबा म्हणाले, "मंग आता कौसल्याले कुठं बसवतं?" घनश्यामभाऊ म्हणत होते, "आत्याले दुसऱ्या फोटोतून काढून इथं जोडून देतो, कोणाले समजणार नाही." मी नको म्हटलं. तुला समजेल, मलाही.

म्हणून अल्बमची मधली दोन पानं कोरी ठेवली आहेत. रविवारी तो फोटो पुन्हा काढायचा आहे. दादा फेटा बांधणार, वहिनी शालू नेसणार, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत. बाबांनी केसांना पुन्हा रंग लावला, तो कानालाही लागला आहे. शनिवारी ते बाभुळगावला तुझ्याकडे येतील. बियाण्याची चौकशी करायला आलो, असं सांगतील. बियाणं इथं कधीच घेऊन झालं आहे. त्यांना चहा दे आणि तुझी पिशवी भर.

माझ्याशी बोलावंसं वाटत नसेल तर बोलू नकोस. फोटो काढायला बोलावं लागत नाही. फक्त ये, आणि मधोमध उभी राहा.

शनिवारी संध्याकाळच्या बसची स्टँडवर वाट पाहणारी,
तुझी चुकलेली भाची,
निशिगंधा